ओळंब्यातली घोडी

तक्तेबाईंना किळस यायला फारसं काही लागत नसे. दुधावरची साय, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, शेजारच्याने बोटाला थुंकी लावून उलटलेलं वर्तमानपत्राचं पान, ओल्या पायपुसण्यावर चुकून पडलेलं पाऊल. यातलं काहीही पुरे. आधी नाक मुरडायचं, मग मान फिरायची आणि मग तोंडातून "शी" निघायचं. ते इतकं हळू असायचं, की ऐकणाऱ्याला उगाचच आपण काहीतरी केलंय असं वाटावं. त्यांचा नवरा म्हणायचा, की लग्न झाल्यापासून मी त्या "शी"च्या धाकात आहे, म्हणून तर माझी नखं इतकी स्वच्छ आहेत.

अशा बाईच्या वाट्याला पोटापाण्यासाठी नेमकी जनावरं आली. शाळांच्या भिंतीवर टांगायचे तक्ते छापणाऱ्या एका छापखान्यात त्या चित्रं काढत. पाळीव प्राणी, रानटी प्राणी, उपयोगी प्राणी. त्यांची जनावरं मात्र त्यांच्यासारखीच होती, न्हाऊनमाखून बसलेली. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, सगळ्यांचे डोळे एकाच घडणीचे. गाय तर पाहुण्यांना चहा विचारावा तशी हसायची. शेणाचा पो नाही, माशी नाही, लाळ नाही. हे सगळं त्यांनी आधीच्या तक्त्यावरून उतरवलेलं असायचं, तो तक्ता त्याच्या आधीच्या तक्त्यावरून, आणि त्याच्याही आधी कुणी जिवंत गाय बघितली होती का, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

एकदा एका शाळेने नवा तक्ता परत पाठवला. मालकांनी तो टेबलावर पसरला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हा घोडा काय करतोय?"

"उभा आहे."

"नाही, तो खुर्ची शोधतोय. मागचे गुडघे बघा कसे पुढे वाकलेत. आता टेकतो की मग टेकतो असं झालंय त्याला." मालक हसले, मग हसायचे थांबले. "शाळेतली पोरं हसली म्हणे. तुमच्या घरामागे जिवंत घोडी आहे ना? मग रोज सकाळी तिच्यासमोर बसा आणि काढा. येईपर्यंत काढा."

घरामागे घोडी होती, हे खरं. तक्तेबाईंचा धाकटा दीर कोळशाची वखार चालवायचा. लोक त्याला वखारवाला म्हणत, त्या भावजी म्हणत. कोळसा घरोघर पोचवायला त्याची गाडी होती आणि गाडीला ही घोडी. भावजींनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं लग्न घोडीशी लागलंय अशी घरातली जुनी थट्टा होती. ती ऐकून भावजी लाजत, यावरून ती किती खरी होती ते कळावं. स्वतः जेवायच्या आधी तिला खायला घालायचे, ती शिंकली की ह्यांची झोप उडायची. तक्तेबाईंनी मात्र या घरात पाऊल टाकल्यापासून मागची खिडकी उघडली नव्हती. तबेल्याचा वास आत यायचा.

पहिल्या सकाळी त्या नाकाला रुमाल बांधून गेल्या. कोळशाची पाटी पालथी घातली, तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर बसल्या, मांडीवर फळी घेतली आणि पेन्सिल उचलली. घोडीने मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग शेपूट उचललं आणि आपलं काम उरकलं. वाफा आल्या.

"शी," तक्तेबाई म्हणाल्या.

"ओळख झाली म्हणायची," भावजी म्हणाले.

आता हे वाचून कुणाला वाटेल, की हळूहळू त्यांची किळस गेली आणि दोघींचं मेतकूट जमलं. तसलं काही झालं नाही. घोडी फुरफुरली की तिच्या नाकातलं पाणी कागदावर उडायचं, आणि तो कागद त्या दोन बोटांच्या चिमटीत धरून लांब टाकायच्या. माश्या आधी घोडीच्या डोळ्यावर बसायच्या आणि तिथून उठून थेट बाईंच्या ओठावर. घरी आल्यावर त्या कोपरापर्यंत हात घासायच्या, आणि तरी जेवताना बोटांना तो वास यायचाच. नवरा म्हणायचा, "अगं, नाही येत वास." तो जवळ बसून म्हणायचा नाही, एवढंच.

पण चित्र येत नव्हतं, याची चीड किळसेपेक्षा मोठी होती. बाई हट्टी होत्या. कान काढावा तर कान फिरलेला, पाय काढावा तर वजन दुसऱ्या पायावर गेलेलं. सुरुवातीला त्यांना वाटलं, ही मुद्दाम करतेय. मग ध्यानात आलं, की जनावर हललं तरी थोड्या वेळाने पुन्हा त्याच ढबीत येतं. मग त्यांनी एकाच कागदावर चारपाच घोड्या अर्धवट सुरू करायची युक्ती काढली. मान खाली गेली की खालच्या मानेची घोडी पुढे न्यायची, मान वर आली की दुसरी. आधी कानापासून शेपटापर्यंत पाठीची एकच रेघ, मग खांदा, मग पोट आणि पाय अगदी शेवटी. मागच्या पायात जो पुढे वाकलेला गुडघा त्या इतकी वर्षं काढत होत्या, तो तिथे नव्हताच. तिथे मागे टोक काढलेला सांधा होता, आणि खरा गुडघा पार वर, पोटाशी चिकटलेला. हे दिसलं त्या सकाळी त्यांनी घरातल्या रद्दीतला आपलाच जुना तक्ता काढून पाहिला आणि त्यांना स्वतःच्या घोड्याचीही शिसारी आली.

घोडीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात चिपडं असायची. खांद्यावर जोखडाने पडलेला घट्टा होता, केस गेलेला, चामड्यासारखा. ते त्यांना दिसायचं, पण त्या काढायच्या नाहीत. चिपडं कोण छापणार? शाळेच्या भिंतीवर घट्टा कोण टांगणार? ते गाळायचं हे त्यांचं ठरलेलं होतं आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांची ठरलेली होती. छापखान्यात त्या नव्या होत्या तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या चित्रकाराने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. जनावराचे पाय ओळंब्यात हवेत. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोऱ्याला वजन बांधून सोडतो, तसा पुढच्या पायाच्या वरून दोरा सोडायचा. तो सरळ खुरापाशी उतरला पाहिजे. नाहीतर जनावर कागदावरून पडतं. तक्तेबाई दोऱ्याला एक जुना नट बांधून रोज बरोबर न्यायच्या आणि कागदावर धरून बघायच्या.

आणि दोरा रोज चुकायचा. बाकी घोडी जमायला लागली होती. पाठीची खोलगट रेघ, पोटाचा भार, मानेखालची सुरकुती, सगळं. पण पुढचे पाय कागदावर नेहमी थोडे पुढे पडायचे. मागचे पोटाखाली सरकलेले आणि पुढचे समोर ताणलेले, उतारावर गाडी थोपवून धरावी तशी घोडी मागे रेललेली. तक्तेबाई वैतागायच्या. "पुन्हा चुकलं! एवढे दिवस झाले आणि अजून पाय येत नाहीत!" मग खोडरबर घेऊन पुढचे पाय पुसायच्या आणि नीट दोऱ्याखाली आणून उभे करायच्या. खाली पडलेल्या रबराच्या काळ्या वळकुट्या फुंकरीने उडवायच्या. घोडी कशी झोकात उभी राहायची मग! कागदावर.

मालक खूश झाले. नव्या तक्त्यावरचा घोडा पाहून म्हणाले, "आता हा खुर्ची मागत नाही." इतर शाळांकडून मागण्या आल्या. भावजींनी तर एक चित्र मागूनच घेतलं आणि वखारीत वजनकाट्याच्या वर चिकटवलं. कोळसा न्यायला येणारं कुणी "काय दिमाखदार जनावर आहे हो" म्हणालं, की ते काटा सोडून चित्राकडेच बघत राहायचे. तक्तेबाईंना या कौतुकाचंही थोडं वाकडंच वाटायचं, कारण भावजी काळ्या बोटांनी चित्राची कड चाचपायचे. पण आतून गुदगुल्या व्हायच्याच.

मग एका सकाळी घोडी गाडीला जुंपू देईना. पाऊल उचलायची, टेकवायची आणि टेकवताना तिच्या सगळ्या अंगातून शहारा जायचा. भावजींचं तोंड उतरलं. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टरने पुढच्या खुरांवर तळवा ठेवला, घोट्यामागची नाडी चाचपली. "खुराच्या आत सूज आहे. हे दुखणं वाईट. आतलं हाड खुराच्या भिंतीला धरून असतं, ती पकड सुटली की जनावराच्या वजनाने हाड फिरतं. मग काही खरं नाही." तो दोन पावलं मागे सरकून बघायला लागला. "ही अशी पुढचे पाय ताणून कधीपासून उभी राहतेय? ताजं असेल तर औषध आणि विश्रांती, मग हळूहळू कामाला लागेल. जुनं असेल तर मात्र गाडीचं नाव काढायचं नाही. एकदा जरी ओढायला लावलीत तरी जनावर जाईल. नीट आठवून सांगा."

भावजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं आणि वहिनींकडे पाहिलं. "वहिनींना विचारा. त्या रोज तासन्‌तास बघतात. माझ्यापेक्षा त्यांना माहीत."

एवढं महत्त्व आल्यावर तक्तेबाईंची मान ताठ झाली. "परवापर्यंत अगदी सरळ उभी होती," त्या म्हणाल्या. "पाय ओळंब्यात. मी रोज मोजून काढते." आणि घरात जाऊन चित्रांचा गठ्ठाच घेऊन आल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या, हेच त्यातलं सगळ्यात ओंगळ. त्यांना खरोखरच घोडी तशी आठवत होती. डॉक्टरने चित्रं उलटीपालटी करून पाहिली. सांधे जागच्या जागी होते, पोटाचा भार बरोबर होता, नालांचे खिळेसुद्धा काढलेले होते. इतकं नेमकं बघणाऱ्या बाईवर विश्वास ठेवू नये तर कुणावर ठेवावा? "म्हणजे ताजंच आहे," तो म्हणाला, "नशीबवान आहात." त्याने औषध दिलं, भुशाचा मऊ बिछाना करायला सांगितलं आणि गेला.

औषधाने दुखणं दबलं. घोडी खायला लागली, शहारे थांबले. भावजी रोज भुसा बदलत, तिच्याशी बोलत आणि वखारीचं काम स्वतः हातगाडी ओढून निभावत. एक दिवस त्यांनी जोखडाला तेल लावलं. "आज दुपारी जुंपून बघतो. रिकामी गाडी. फार नाही, कोपऱ्यापर्यंत."

त्या सकाळी तक्तेबाई पाटीवर बसल्या होत्या. घोडी बरी दिसत होती. पाठ आली, मान आली, पाय आले. दोरा धरायच्या आधीच त्यांच्या डाव्या हाताने खोडरबर उचललं आणि पुढच्या पायांवर नेलं.

त्या थांबल्या. अजून त्यांनी ओळंबा बघितलासुद्धा नव्हता. चूक दिसायच्या आधीच हात तिथे पोचला होता, अंधारात विजेच्या बटणाकडे जावा तसा. हात रोज त्याच जागी गेल्याशिवाय असा जात नाही. नाकावर नाही, शेपटावर नाही, तिथेच. रोज. मग त्यांनी दोरा उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा कागदावर न धरता समोर, घोडीवर धरला. नट खाली लोंबला. खूर त्याच्या कितीतरी पुढे होता.

त्या कागद टाकून वखारीत गेल्या.

"भावजी, तिला जुंपू नका."

"का हो?"

"मी चुकीचं सांगितलं. ती केव्हापासूनच तशी उभी राहतेय. पाय ताणून. मी ते रोज काढलं आणि रोज पुसलं. मला वाटलं माझंच चुकतंय."

भावजी समजूतदारपणे हसले. त्या हसण्याने तक्तेबाईंना कानफटात मारल्यासारखं झालं. "वहिनी, तुम्हाला आता तिची माया लागलीय. म्हणून जीव घाबरा होतोय."

"माया?" तक्तेबाई किंचाळल्या. "मला किळस येते तिची! तिच्या नाकाची, तिच्या शेपटाची, तिच्या घामाची! मी काय सांगतेय ते ऐका. खोटी आहेत ती चित्रं!"

"खोटी कशी?" भावजींनी काट्यावरच्या चित्राकडे बोट दाखवलं. "हे काय समोर आहे. मालकांनी छापलं, डॉक्टरनेसुद्धा बघितलं. तुमचा हात काय कालचा आहे का?"

बोलून काही होणार नव्हतं. स्वतःच्याच चित्राशी भांडून त्या हरत होत्या. त्यांनी हात वर केला आणि ते चित्र भिंतीवरून टरकावून काढलं. भावजी "अहो, अहो" करत राहिले. तक्तेबाईंनी खाली वाकून ढिगातला एक कोळसा उचलला, उघड्या हाताने. इतकी वर्षं ज्या वखारीच्या उंबऱ्याला त्यांनी परकराची कड लागू दिली नव्हती, तिथल्या पांढऱ्या भिंतीसमोर, उघड्या दारातून घोडी दिसेल अशा त्या उभ्या राहिल्या आणि काढायला लागल्या. दोरा घेतला नाही. रबर नव्हतंच. पाठीची रेघ, मागे रेललेलं धड, पोटाखाली घेतलेले मागचे पाय. पुढचे जिथे होते तिथे, समोर, निखाऱ्यावर टाच टेकावी तसे अवघडलेले. खांद्यावरचा घट्टा. डोळ्यातली चिपडं. माश्या. खाली घातलेली मान आणि दुखण्याने ताणलेली नाकपुडी. चित्र भयंकर ओंगळ दिसत होतं. कुठल्याही शाळेने ते भिंतीवर लावलं नसतं.

भावजी आधी भिंतीकडे बघत होते. मग दारातून घोडीकडे. मग पुन्हा भिंतीकडे. त्यांनी जोखड खुंटीला अडकवलं आणि डॉक्टरला निरोप द्यायला निघून गेले.

डॉक्टर आला तेव्हा त्याने या वेळी खूर उचलून, खालून खरवडून पाहिला. घोडीचं तोंड धरून ठेवायला भावजी होते, पण पाय स्थिर धरायला आणखी एक माणूस लागत होतं, म्हणून तक्तेबाईंनी तो मांडीवर घेतला. वास असा, की डोळ्यात पाणी यावं. तळव्यात जुन्या रक्ताचे डाग होते, एकाखाली एक. खुराच्या भिंतीवर वळ्या पडलेल्या होत्या.

"हे जुनं आहे," डॉक्टर म्हणाला. तो बाईंकडे बघत नव्हता, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. "हाड फिरलंय. आज जुंपली असती तर रस्त्यातच बसली असती, उठली नसती. तेवढं वाचलं. पण आता काम कायमचं बंद. जगेल की नाही ते पावसाळा सरल्यावर सांगेन. तेव्हाच बोलावलं असतं, पाय ताणायला लागली तेव्हा, तर पुरती बरी झाली असती."

तो गेल्यावर दोघंही बराच वेळ तबेल्यातच होते. भावजींनी भुसा सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग घोडीच्या मानेवर हात ठेवून, तिच्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मला दिसत होतं, वहिनी."

"काय?"

"ती तशी उभी राहायला लागली तेव्हाच दिसलं होतं. दोनतीनदा वाटलं, डॉक्टरला बोलवावं." त्यांनी काळ्या मनगटाने नाक पुसलं. "मग वखारीत जायचो आणि तुमच्या चित्रात बघायचो. त्यात सरळ असायची. म्हटलं, आपण अडाणी, आपल्याला काय दिसतंय. वहिनी रोज समोर बसून काढतात. त्यांना सरळ दिसतेय म्हणजे सरळच असणार."

त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तक्तेबाई उठल्या. या घरात आल्यापासून त्यांना नुसतं मळमळायचं, ओकारी कधी झाली नव्हती. आता तबेल्याच्या दारापर्यंतही त्या पोचल्या नाहीत. भुशावरच, घोडीच्या पायांपाशी बसून भडाभडा ओकल्या. घोडी हलली नाही, तिला हलताच येत नव्हतं. भावजींनी घाईघाईने तिच्या प्यायच्या पाण्याची बादली पुढे केली, आणि तक्तेबाईंनी त्यातच ओंजळ बुडवून चूळ भरली.